स्टेंट बसवला, पण झडपेचे काय?

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो आणि घरचे म्हणतात, "ब्लॉकेज निघाले, आता काळजी नाही." माझे मत वेगळे आहे. बंद रक्तवाहिनी उघडणे हे अर्धेच काम झाले. अटॅकने झडपेचे काय केले, हे प्रत्येक रुग्णाला माहीत असलेच पाहिजे.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल झडप असते. तिची दोन पाती बारीक दोऱ्यांनी खालच्या कप्प्यातील स्नायूंना बांधलेली असतात. त्यामुळे रक्त उलटे वर जात नाही. अटॅकमध्ये यातला एखादा स्नायू तुटला, तर फुप्फुसात अचानक पाणी भरते. हे साधारणपणे पहिल्या आठवड्यात घडते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. सुदैवाने असे क्वचितच होते.

जास्त वेळा होते ते हळूहळू. अटॅकने कमजोर झालेला कप्पा फुगतो, दोऱ्या ताणल्या जातात, पाती नीट मिटत नाहीत आणि रक्ताची उलटी गळती सुरू होते. मग जिना चढताना दम लागतो, रात्री सपाट झोपवत नाही, पाय सुजतात. घरात याला "अशक्तपणा आहे, वय झाले" म्हणतात आणि महत्त्वाचे महिने वाया जातात.

म्हणून डिस्चार्ज घेतानाच विचारा: टूडी इकोमध्ये झडप गळते आहे का? किती? पुन्हा इको कधी करायचा? दम वाढला, तर त्या तारखेची वाट पाहू नका.

गळती आढळली म्हणजे लगेच ऑपरेशन, असे नाही. हृदयाचा भार कमी करणाऱ्या औषधांनी अनेकांची गळती कमी होते. गळती तीव्र असेल आणि बायपास करायचीच असेल, तर त्याच वेळी झडप दुरुस्त करण्याचा किंवा बदलण्याचा विचार होतो.

बदलायची ठरली, तर कोणती झडप? कृत्रिम मेकॅनिकल झडप खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. गोळी मनाने बंद केली, तर झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते किंवा अर्धांगवायू होऊ शकतो. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला ही गोळी बहुधा काही महिनेच लागते, पण ती साधारण १० ते १५ वर्षांत झिजते.

निवड करताना वय आणि खर्च तर पाहतातच. तुमच्या गावाजवळ आयएनआर तपासता येतो का, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्ही सांगा. आणि झडप कोणतीही बसवली, तरी दात काढण्याआधी दंतवैद्यांना तिच्याबद्दल जरूर सांगा. दातांतले जंतू रक्तातून नव्या झडपेपर्यंत पोहोचू शकतात.