विश्वास हवा, पण पारखून

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने अवघा महाराष्ट्र हादरला. अटक झालेला सफाई कर्मचारी त्याच महिन्यात कंत्राटी पद्धतीने कामावर रुजू झाला होता.

मुलांशी नित्य संपर्क येणाऱ्या संस्थेने शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करावी आणि तीही ठरावीक काळाने पुनःपुन्हा, असा दंडक ‘पॉक्सो’ कायद्याखालील नियमांनी २०२०मध्येच घातला होता. बदलापूरनंतर राज्य शासनाला शाळांना तेच नव्याने बजावावे लागले. नियमाचे स्मरण अनर्थ घडल्यावरच व्हावे, ही खरी शोकांतिका.

‘माणूस कंत्राटदाराने पाठवला’ ही सबब चालणार नाही. पगार कंत्राटदार देत असेल; दार मात्र संस्थेनेच उघडलेले असते. शिवाय पोलिसांच्या दाखल्यात केवळ नोंद झालेले गुन्हे दिसतात. म्हणून पूर्वीच्या मालकाकडे विचारणा करणे, काम का सोडले हे जाणून घेणे, पत्त्याची खातरजमा करणे, हेही तितकेच अगत्याचे.

अर्थात, पडताळणी म्हणजे संशय नव्हे. प्रांत वा जात पाहून माणूस जोखणे हा अन्यायच. मुख्याध्यापकापासून सफाई कामगारापर्यंत निकष एकच असेल, तर प्रामाणिक कष्टकऱ्याला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

पालक आपले मूल शाळेच्या स्वाधीन करतात, ते विश्वासाने. त्या विश्वासाचे रक्षण करणे, हे संस्थाचालकांचे आद्य कर्तव्य होय.