नर्सिंगला ॲडमिशन घेताय? फी भरण्याआधी वॉर्ड बघा!

चांदीप : बारावीचा निकाल लागला की शिरसाड, मांडवी, पारोळ पट्ट्यात एकच सल्ला ऐकू येतो, "पोरीला नर्सिंगला घाला, नोकरी पक्की." कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून फी भरली जाते. पण नोकरी खरंच पक्की आहे का?

आधी कोर्समधला फरक समजून घ्या. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. एएनएम केलेली मुलगी आरोग्यसेविका होऊ शकते. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स व्हायचं तर जीएनएम किंवा बीएस्सी लागतं. सातव्या वेतन आयोगानुसार आरोग्यसेविकेचं मूळ वेतन 25,500 रुपयांपासून, तर स्टाफ नर्सचं 35,400 पासून सुरू होतं.

पगार चांगला आहे, पण भरती रोज निघत नाही. 2023 मध्ये आरोग्य विभागाने 10,949 आणि जिल्हा परिषदांनी 19,460 पदांची जाहिरात काढली. हे आकडे सगळ्या पदांचे मिळून आहेत, फक्त नर्सचे नव्हेत. मधल्या काळात अनेक जणी आरोग्य अभियानात कंत्राटी काम करतात किंवा खासगी दवाखाना गाठतात.

खासगीत पगार किती? सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला किमान 20,000 रुपये द्यावेत, असं सुचवलं. पण ही शिफारस आहे. छोट्या दवाखान्यात याहून कमी पगारावर रात्रपाळी करणाऱ्या मुली गावोगाव भेटतील.

इथेच शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न येतो. मोठं रुग्णालय कागदाबरोबर हातही बघतं. शीर सापडते का, सलाईनचा वेग मोजता येतो का, रुग्ण अचानक बिघडला तर आधी काय करायचं हे कळतं का? हे फळ्यावर शिकता येत नाही. म्हणूनच भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि जीएनएम-बीएस्सीसाठी 100 खाटांचं रुग्णालय सांगितलंय. मग 30 खाटांच्या नर्सिंग होममध्ये 40 जणींची बॅच शिकणार कशी? एका पेशंटभोवती दहा जणी उभ्या राहणार, हात लावणार एकच. अशी मुलगी पास होते, पण मुलाखतीत अडकते. आणि तिच्या हाती सोपवलेला रुग्ण तुमच्या-आमच्या घरातलाच असतो.

त्याहून वाईट म्हणजे सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग' कोर्स. त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही आणि नोंदणी नसेल तर सरकारी भरतीचा अर्जच भरता येत नाही.

म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी करा :

1. कॉलेजचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या मान्यता यादीत यंदा आहे का, ते स्वतः बघा. भिंतीवरच्या फ्रेमवर विसंबू नका.

2. प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात, किती खाटा, हे विचारा आणि एक दिवस तिथे जाऊन या.

3. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना गाठा. प्रसूती स्वतः केली की नुसती बघून वहीत उतरवली, हे त्याच खरं सांगतील.

4. एकूण फी, हॉस्टेल, युनिफॉर्म, परीक्षा शुल्क लेखी घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

नर्सची गरज आपल्या भागाला आहेच, उद्याही राहील. पण काम मिळतं ते हातात कसब असलेल्या मुलीला. ते कसब वॉर्डातच येतं, म्हणून कॉलेजची इमारत नंतर बघा, आधी वॉर्ड बघा.