शेवटच्या ग्राहकाचा भार कोणी वाहायचा?

जर्मनीतील जवळजवळ निम्मी घरे हिवाळ्यात नैसर्गिक वायूवर तापवली जातात. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाचा वायू आटला, भाव कडाडले आणि या परावलंबनाची किंमत सामान्य कुटुंबांना मोजावी लागली. हवामानाचे संकट पाहता वायूचा त्याग अटळ आहे. वाद उरतो तो त्या त्यागाचा खर्च कोणत्या वर्गाने सोसावा, याचाच.

रस्त्याखालील वायुवाहिन्यांचा खर्च ग्राहक घटले म्हणून घटत नाही. हजार घरांत वाटला जाणारा खर्च पाचशे घरांवर आला, की प्रत्येकाचा वाटा दुप्पट होतो. प्रथम बाहेर पडतो तो स्वतःचे घर आणि गाठीशी पैसा असलेला. हवेतील उष्णता खेचून घर तापवणारा विजेचा पंप तो बसवून घेतो. मागे राहतात निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध, तुटपुंज्या मिळकतीची कुटुंबे आणि भाडेकरू. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरांत राहतात. तेथे यंत्रणा मालक निवडतो आणि इंधनाचे बिल भाडेकरू भरतो.

२०२३ च्या कायद्याने हे काही अंशी ओळखले होते. पंपासाठी भाडेवाढीवर दरमहा प्रति चौरस मीटर ५० सेंटची मर्यादा आली. सोबतच्या योजनेत खर्चाच्या ३० टक्के, तर स्वतःच्या घरात राहणाऱ्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना कमाल ७० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवले गेले. पुढे २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने मात्र हा कायदा रद्द करण्याची भाषा केली. त्याआधी २०२४ मध्ये नियामकाने वितरकांना वाहिन्यांतील भांडवल अधिक लवकर वसूल करण्याची मुभा दिली. ग्राहक पुष्कळ असतानाच खर्च वाटून टाकावा, हा त्यामागील विचार चुकीचा नाही. पण वसुली होते ती अखेर बिलातूनच. गुंतवणुकीचा धोका मात्र भांडवलाऐवजी चुलीशी बसलेल्या माणसाच्या माथी येतो.

शेजारच्या डेन्मार्कने १९७९ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. सामायिक केंद्रांतून वाहिनीने येणारी उष्णता आज तेथील सुमारे दोन-तृतीयांश घरांत पोहोचते. तिच्या दरात नफ्याला थारा नाही, आणि अनेक केंद्रे नगरपालिकांच्या वा ग्राहकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची आहेत. सार्वजनिक गरजेची मालकी सार्वजनिक असली, की संक्रमणाचा हिशेबही उघड्यावर मांडता येतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. जुन्या वाहिन्यांचा उरलेला खर्च उत्पन्नानुसार आकारलेल्या करांतून भागवावा. अनुदान प्रथम गरिबाच्या दारी जावे. भाडेकरूला कायद्याचे अभय असावे. हे झाले नाही, तर पर्यावरणाच्या नावाने गरीबच लुटला जाईल, आणि उद्या तोच पर्यावरणाच्या विरोधकांच्या झेंड्याखाली उभा राहील. त्याचा दोष त्याला देता येणार नाही.