प्रशिक्षण संस्थेचे खरे भांडवल : शिकविणारा माणूस

व्यवसाय-शिक्षणाची संस्था म्हटली की इमारत, अवजारे व विद्यार्थिसंख्या यांचाच विचार प्रथम होतो. शिकविणारा माणूस कोठून आणावयाचा, त्यास कसे तयार करावयाचे व तो टिकावा म्हणून काय करावयाचे, हे प्रश्न बहुधा जागा रिकामी झाल्यावरच उपस्थित होतात. ही रीत बदलणे अगत्याचे आहे.

डहाणू-तलासरीच्या बागाईतदारास यातील मर्म सांगावयास नको. चिकूच्या कलमास खिरणीचा खुंट लागतो व खिरणीचे रोप कलमायोग्य होण्यास सुमारे दोन वर्षे जातात. ज्यास पुढे कलमे हवीत, त्याने बी आधीच पेरलेले असावे लागते. शिक्षकही जाहिरात दिल्याबरोबर तयार मिळत नाही.

देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. 'प्रत्यक्ष करून शिकणे' हे या केंद्रांचे तत्त्व होय. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर असे केंद्र गोखले एज्युकेशन सोसायटी चालविते. अशा केंद्रासाठी साधारणतः १६ पदांची योजना असते. त्यांत एक प्रमुख व सहा विषयतज्ज्ञ असतात. कोणत्याही केंद्रातील यांपैकी एक जागा वर्षभर रिकामी राहिली, तर केवळ एक माणूस कमी होत नाही, एक अख्खा विषय बंद पडतो. पीकसंरक्षणाचा जाणकार नसेल, तर चिकूचे बी पोखरणारी अळी त्याची नेमणूक होईपर्यंत थांबत नाही.

तासिकेवर व्याख्याते बोलावून काम भागते, असे कित्येकांचे मत आहे. पैशाच्या ओढाताणीत हा मार्ग सोपा वाटतो, हे खरे. परंतु व्याख्यान देणे वेगळे आणि कसब हाती उतरविणे वेगळे. मसोलीच्या तरुणाने बांधलेले कलम जगले की नाही, हे काही आठवड्यांनी कळते. त्या वेळी त्याची चूक दाखविणारा शिक्षक जागेवर नसेल, तर ते शिक्षण अर्धेच राहते.

माणसे स्थानिक गरजेप्रमाणे घडविता येतात, याचा दाखला कोसबाडनेच दिला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेले ग्राम बालशिक्षा केंद्र १९५७ मध्ये कोसबाडला आले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून ताराबाई व अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात व गुरे चारण्याच्या कुरणात नेली. बालवाडी-शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय केली. काम कोणते, हे आधी ठरले व माणसे त्या कामाजोगी तयार झाली.

हाच क्रम शेती-प्रशिक्षणातही पाळला पाहिजे. पुढील पाच वर्षांत तालुक्यास कोणती कौशल्ये लागतील व कोणते शिक्षक निवृत्त होतील, याचा आढावा प्रत्येक संस्थेने दरवर्षी घ्यावा. वारली बोली जाणणाऱ्या स्थानिक तरुणांना साहाय्यक म्हणून घेऊन पुढे शिक्षक करावे. पदवी नसली तरी कसलेल्या कलमकारास योग्य मानधन देऊन प्रात्यक्षिकासाठी नेमावे. शिक्षकास काही दिवस दापोलीच्या कृषी विद्यापीठात नवे ज्ञान घेण्यास व काही दिवस शेतकऱ्याच्या वाडीत राबण्यास पाठवावे. राहण्याची सोय व बढतीची निश्चित वाट असेल, तर चांगला माणूस दुर्गम भागातही टिकतो. त्याच्या कामाचे माप हजेरीपटावरील नावांनी नव्हे, तर शिकलेल्यांपैकी किती जणांनी ते कसब उपजीविकेस लावले, यावरून घ्यावे.

हे काम केवळ संस्थाचालकांचे नव्हे. कृषी विज्ञान केंद्राच्या शास्त्रीय सल्लागार समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांनी किती शिबिरे भरली एवढेच न विचारता, ती कोण शिकविणार व त्याच्यानंतर कोण, हेही विचारावे. ग्रामसेवकांनी आपल्या पाड्यांतील कुशल कलमकार, रोपवाटिकावाले व अवजारे दुरुस्त करणारे यांची यादी करून ती केंद्राकडे द्यावी. उद्याचे शिक्षक त्या यादीतूनच निघतील.