ही मागणी कोणाची?

जून महिना जवळ आला, की शालेय वस्तूंची दुकाने गजबजून जातात. समोर दोन दप्तरे टांगलेली असतात. एक साधे, पण जाड कापडाचे व दुहेरी शिलाईचे. दुसरे पातळ, पण वर आवडत्या खेळाडूचे चित्र असलेले आणि किमतीने अधिक. बहुतेक मुलांचे बोट दुसऱ्याकडेच वळते. ‘मला हेच हवे!’ असे मूल म्हणते, तेव्हा ती मागणी खरोखर त्याचीच असते काय? की ती कोणी त्याच्या मनात आधीच पेरून ठेवलेली असते?

जाहिरात ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. नवी वस्तू कोणती निघाली, ती कोठे मिळते, हे तिच्यावरून कळते. परंतु जाहिरातीचे काम माल खपविणे हे आहे; तुमची गरज तोलून पाहणे हे नव्हे. तेच नाव ती पुनःपुन्हा कानांवर घालते, कारण ओळखीचे नाव भरवशाचे वाटू लागते. ५०० रुपयांऐवजी ती ४९९ लिहिते, म्हणजे डोळा चारावरच थांबतो. नामवंत खेळाडूच्या हाती ती पेयाची बाटली देते. पण त्याचे यश त्या बाटलीतून नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या कष्टांतून आले आहे, हे मात्र ती सांगत नाही.

आता तर जाहिरात जाहिरातीच्या वेषात येतेच असे नाही. मोबाइलवर कोणी हसतमुख तरुण मित्रासारखा सल्ला देतो; त्या सल्ल्याचे त्याला पैसे मिळालेले असू शकतात. अशा वेळी ‘ही जाहिरात आहे’ असे स्पष्ट दाखवावे, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली केला. जाहिरातींनी मुलांना खरेदीचा थेट आग्रह करू नये, असे केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सांगितले आहे. परंतु नियम काही दुकानात तुमच्या शेजारी येऊन उभे राहत नाहीत.

आणि जाहिरातीहूनही बलवान अशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे सोबत्यांची नजर. मी सातवीत असताना आईने मला घरीच एक दप्तर शिवून दिले होते. वर्गातील चकचकीत दप्तरे पाहून मला त्याची लाज वाटू लागली. मला कोणी हसले नव्हते. हसतील, या भीतीनेच मी दोन दिवस जेवणावर रुसलो. अखेर वडिलांनी विकतचे दप्तर आणून दिले. त्या वर्षी त्यांच्या चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधून ते वर्षभर वाचीत राहिले. त्या दोऱ्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मग जाहिराती पाहूच नयेत काय? पाहाव्यात, पण डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. खाऊच्या पुड्याची पुढची बाजू मोठ्या अक्षरांत बोलते, तर मागची बाजू बारीक अक्षरांत. ती बारीक अक्षरे अवश्य वाचा. तेथे घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असतात. पहिल्या दोन-तीन नावांतच साखर आढळली, तर पुढच्या बाजूच्या गोड शब्दांचे मोल तुम्हांला आपोआप कळेल. महागडी वस्तू घ्यावीशी वाटली, तर आठ दिवस थांबा. तेवढ्यात ती इच्छा ओसरली, तर ती तुमची नव्हतीच, असे समजा.

आणखी एक गोष्ट तुमच्याच हाती आहे. वर्गात कोणाचे दप्तर जुने असेल, कोणाचे बूट शिवलेले असतील, तर त्याच्याकडे अशा नजरेने पाहू नका, की घरी जाऊन त्याला हट्ट धरावा लागेल. जाहिरातीवर आपला ताबा नाही. आपल्या नजरेवर तर आहे ना?