झरा कुणाच्या सातबाऱ्यावर?

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोकणी माणूस ज्याला 'उन्हाळे' म्हणतो तो गरम पाण्याचा झरा पाहण्यासाठी येथील माणसाने राज्यातल्या राज्यात वाट धरली, तर यवतमाळ ओलांडून, पैनगंगा उतरून, किनवट तालुक्यातील उनकेश्वर गाठता येते. त्वचेच्या विकारांनी गांजलेली माणसे तेथे मोठ्या श्रद्धेने स्नानाला जातात. पण अशा आडरानातल्या झऱ्यापाशी पोचलेल्या गरिबाला एक प्रश्न नेहमीच पडतो: आत जाण्याचा आपल्याला हक्क आहे, की कुणी जाऊ देतो म्हणून आपण जातो?

वस्तुतः हे पाणी पावसाचेच. ते भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दाबाखाली पुन्हा वर येते. पाऊस साऱ्या रानावर पडतो, झरा मात्र एकाच्याच गटात फुटतो. आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे मुरते पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाला दिलेला आहे! शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट मागता येते. आंघोळीला आलेल्या मजुराला तशी मागणी कोणत्या कलमाखाली करायची?

याचे उत्तर भंडाऱ्याच्या दप्तरात आहे. कोहळ्यांनी बांधलेली येथील तळी मालगुजारांच्या नावे होती, तरी गुरे पाजणे, धान भिजवणे, ढिवरांनी मासे धरणे हे गावाचे व्यवहार रिवाजाने चालत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली. (गाळ मात्र साचतच राहिला, तो वेगळा विषय.) पण जुना रिवाज कागदावर आणण्याची पद्धत टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'वाजिब-उल-अर्ज' नावाची नोंद आहे. सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर वा पाण्यावरही गावाचा वहिवाटीचा, सिंचनाचा, मासेमारीचा जो रिवाज असेल, तो जिल्हाधिकाऱ्याने तपासून लिहून ठेवायचा. ज्याला नोंद अमान्य असेल त्याने दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे दाव्याचा भार गरिबावर नव्हे, अडवणाऱ्यावर पडतो.

दुर्दैव असे की हे प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे. पैनगंगेच्या अलीकडे रिवाजाला कागद आहे, पलीकडे उनकेश्वरच्या तीरावर नाही. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे येथेही नाही.

रिवाज लिहिला गेला म्हणजे सारे झाले, असा भ्रम मात्र नको. रिवाज बहिष्काराचाही असतो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह पाण्यापर्यंत चालत जावे लागले, आणि पुढे सनातन्यांनी रिवाजाचाच आधार घेऊन न्यायालय गाठले. १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. याच आंबेडकरांनी १९५४ साली भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले, हेही येथल्या कार्यकर्त्याने विसरू नये. महाडपासून जवळच सव येथे गरम झरे आहेत.

तेव्हा मागणी साधी आहे. संहितेतील हे प्रकरण साऱ्या राज्याला लागू करावे, आणि झऱ्यांची नोंद करताना कुंड, पायवाट व प्रवेश जातिभेद आणि शुल्काविना सर्वांना खुला असल्याचे स्पष्ट लिहावे. तोवर उन्हाळ्यावर जाणाऱ्या कार्यकर्त्याने स्नानाआधी तलाठ्याकडे जाऊन त्या गटाचा सातबारा व गावनकाशा मागावा, आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे.