काढ्याचं कौतुक, टाकीची आबाळ

निरोगी कसं राहावं, याबद्दल आपल्याकडे तीन मतं घट्ट रुजली आहेत. पहिलं असं, की प्रतिकारशक्ती वाढवली की आजार जवळ फिरकत नाही. म्हणून काढा, गुळवेल, च्यवनप्राश, व्हिटॅमिन सी. दुसरं असं, की जुनी माणसं सोवळं पाळून, घरचं खाऊन ठणठणीत जगली. आपण ते सोडलं आणि दवाखान्याचे धनी झालो. तिसरं असं, की तब्येत ज्याची त्याच्या हाती. पहाटे उठा, चाला, जिभेला आवर घाला, मग दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नाही. तिन्ही मतं भल्या माणसांच्या तोंडी असतात आणि तिन्हींत सत्याचा अंश आहे. म्हणूनच त्यांचा समाचार घ्यायला हवा. निखळ खोट्याला माणूस फार दिवस भुलत नाही. अर्धसत्याबरोबर मात्र जन्मभर संसार करतो.

पहिला पक्ष त्याच्याच शब्दांत मांडू. जंतू काय, सगळीकडेच आहेत. एका घरात चौघांना ताप येतो, पाचव्याला शिंकही येत नाही. अर्थात फरक शरीराच्या ताकदीचा; ती वाढवली की काम झालं. दिसायला बिनतोड. यातला पहिला भाग खराही आहे. कुपोषित मुलाला गोवर जड जातो, साखर आटोक्यात नसलेल्याला क्षयरोग लवकर गाठतो. पण उपाशी शरीराला पुरेसं अन्न देणं वेगळं आणि दोन वेळ पोटभर जेवणाऱ्याला आणखी काहीबाही पाजणं वेगळं. प्रतिकारशक्ती ही काही गच्चीवरची टाकी नव्हे, की वरून ओतलं आणि पातळी वाढली. ती नेमकी असावी लागते. परका कोण, आपला कोण हे तिला ओळखता यावं लागतं आणि काम झालं की थांबताही यावं लागतं.

याचा पुरावा पुणेकरांनी अलीकडेच पाहिला. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. आकडा दोनशेच्या घरात गेला. चालती-बोलती माणसं हातापायांतली शक्ती जाऊन अंथरुणाला खिळली, काहींना व्हेंटिलेटर लागला. बऱ्याच रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. या आजारात होतं असं, की शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूवर धावून जाते आणि त्याच्याशी साम्य असलेल्या स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. प्रतिकारशक्ती तिथे कमी पडलेली नव्हती, ती भलत्या ठिकाणी चालून गेली होती. डॉक्टरांचे उपचारही तो हल्ला शमवण्याचे होते. 'वाढवा, वाढवा' म्हणणाऱ्यांनी या रुग्णाला काय पाजलं असतं?

डेंग्यूचंही तसंच. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने आजारी पडून बरा झालेला माणूस पुढे दुसऱ्या प्रकाराच्या तावडीत सापडला, तर दुसरा आजार अधिक गंभीर होण्याचा धोका असतो. पहिल्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडं नव्या विषाणूला रोखायला अपुरी पडतात आणि उलट त्याला पेशीत शिरायला मदत करतात. शरीराने केलेली तयारीच शरीरावर उलटते. अशा वेळी पपईच्या पानांचा रस आणि महागडी किवी यांवर भिस्त ठेवणारं घर फ्रीजमागच्या ट्रेमध्ये साचलेलं पाणी मात्र बघत नाही.

उरलं व्हिटॅमिन सी. रोज गोळी घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, असंच अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते, इतकंच. 'काढ्याने फायदा नसेल, पण तोटा तर नाही ना?' हा या पक्षाचा शेवटचा बुरूज. तोही शाबूत नाही. करोनाच्या काळात गुळवेल घेत राहिलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. वाद कुणी जिंको. पण ज्याच्या निरुपद्रवीपणावर वाद होऊ शकतो, ते डोळे मिटून रोज पिण्याजोगं उरत नाही.

मग प्रतिकारशक्तीला काही शिकवताच येत नाही का? येतं. त्याची खात्रीची रीत म्हणजे लस. मुंबईत प्लेगने थैमान घातलं असताना वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. लस शरीराची ताकद सरसकट वाढवत नाही. एका ठरावीक शत्रूची ओळख आधीच करून देते. 'इम्युनिटी'ची बाटली हौसेने विकत घेणारा माणूस धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, हे आठवू शकत नसेल, तर त्याचा विश्वास प्रतिकारशक्तीवर नसून बाटलीवर आहे.

आता दुसरा पक्ष. आजीच्या वेळी कुणी आजारी पडत नव्हतं, असं सांगणारा नातू असतो, म्हणजेच ती आजी जगलेली असते. जी जगली नाही, तिच्या आठवणी सांगायला कुणी नाही. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. पूर्वीचं दूध निर्भेळ होतं, भाजी बिनफवारणीची होती, चालणं भरपूर होतं. तरी देवी, प्लेग आणि पटकी गावंच्या गावं नेत होती. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७मध्ये त्याच रोगाने गेल्या. त्या काळाचं आरोग्य हेवा करण्याजोगं नव्हतं.

आणि सोवळं म्हणजे स्वच्छता, हा दावा तर महाडपुढे टिकतच नाही. मार्च १९२७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो दलित स्त्री-पुरुष चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सनातन्यांना तळं बाटल्याचा साक्षात्कार झाला आणि ते शुद्ध करण्यासाठी त्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या मिश्रणाच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणाऱ्या शुद्धीला आरोग्याचा नियम म्हणायचं, तर घाण कशाला म्हणायचं? सोवळ्याला पाण्यात काय आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. पाण्याला हात कुणाचा लागला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

म्हणून काय परंपरेत घेण्यासारखं काहीच नाही? आहे, आणि तिचा उदोउदो करणारेच ते घेत नाहीत. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा, चौथा रोग उत्पन्न होऊ न देण्याचा. या चौथ्याची सुरुवात होते ती मल, मूत्र, शिंक, झोप असे शरीराचे वेग अडवू नका, या सांगण्याने. आयुर्वेदाच्या नावाने गुळवेल विकणाऱ्या किती जाहिरातींत हे वाक्य दिसतं? दिसणार नाहीच, लघवी वेळच्या वेळी करा, हा सल्ला बाटलीत भरता येत नाही.

इथेच तिसरा पक्ष उघडा पडतो. लघवी अडवू नका, हे ठीक. पण करायची कुठे? सकाळी लोकल पकडणारी, बाजारात दिवसभर भाजी विकणारी, एसटीने चार तास प्रवास करणारी बाई घरातून निघतानाच पाणी कमी पिते, कारण वाटेत जाण्याजोगं स्वच्छतागृह नसतं. शाळेतलं बंद किंवा घाण असलं की मुलीही तेच करतात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि डॉक्टर सांगतात, 'पाणी भरपूर प्या.' मुंबईतल्या स्त्रियांनी २०११पासून 'राइट टू पी' नावाने चळवळ चालवली, ती या सल्ल्यातला अर्धा भाग पूर्ण करून घेण्यासाठी. सवय बाईची, पण तिची किल्ली महापालिकेच्या खिशात.

पाण्याचंही असंच. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, हा आरोग्य खात्याचा सल्ला अगदी हिशेबी आहे. पण मराठवाड्यातल्या कित्येक वस्त्यांत नळच आठ-आठ दिवसांनी येतो. तिथे पिंप रिकामं करून कोरडं ठेवा, असं सांगायला फार मोठं धाडस लागतं. अशा घरात पिंपावर कापड घट्ट बांधायचं आणि रिकामं होईल तेव्हा आतल्या भिंती घासायच्या. अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. हे घरच्यांचं काम. नळ वेळेवर आणणं हे त्यांचं काम नव्हे.

तर माझं म्हणणं असं. नेहमीचे आजार शरीरात शिरतात त्या वाटा मोजक्या आणि माहितीच्या आहेत: पाणी, हात, डास, ताट, तंबाखूची पुडी. आरोग्य राखणं म्हणजे या वाटा रोज अडवणं. त्यातल्या काही उंबऱ्याच्या आत आहेत, काही बाहेर. आतल्यांना वळण लावावं लागतं, बाहेरच्यांसाठी भांडावं लागतं. दोन्हींपैकी एकच करणारा अर्धाच निरोगी राहतो.

उंबऱ्याच्या आतलं काम फार नाही, कंटाळवाणं मात्र आहे. शौचाहून आल्यावर, बाळाचं ढुंगण धुतल्यावर, स्वयंपाकाला आणि जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवायचे. एवढ्यानेच जुलाबांचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी कमी होऊ शकतं. पिण्याच्या पाण्यात हात बुडवायचा नाही, ओगराळ्याने घ्यायचं. साथ असली की पाणी खळखळून उकळायचं. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण आणि वरून भुरभुरलेलंही आलं. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी दम लागेल असं चालायचं. मशेरीने दात घट्ट होतात, ही समजूत सोडायची. भाजलेला असला तरी तो तंबाखूच. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, मशेरीची डबी मात्र अजून न्हाणीघराच्या कोनाड्यात सुखाने नांदते आहे. सर्दीसाठी अँटिबायोटिक मागायचं नाही, कारण सर्दी विषाणूंची आणि हे औषध जिवाणूंचं.

'इतक्या साध्या गोष्टींनी काय होणार?' हा आक्षेप सर्वांत जुना. १८४७मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. तरीही आज जुलाब झाले की आपल्याला आधी सलाईनची बाटली टांगलेली बघायची असते. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ: ओआरएसचं पाकीट हाताशी नसेल, तर एवढं प्रत्येक घरात पाठ हवं.

उंबऱ्याबाहेरच्या कामाची साधनंही गावात आहेतच. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने पाण्यात टीसीएल पावडर टाकायची असते आणि ओटी टेस्ट करून क्लोरीन उरला का ते पाहायचं असतं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवा. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. आपल्या गावाकडे कोणतं कार्ड आहे, हे किती घरांना माहीत असतं?

ज्याला काढा आवडतो, त्याने चवीसाठी खुशाल प्यावा; पावसात आल्याचा चहाही बरा लागतो. पण त्याने आजार टळतो असं जो सांगेल, त्याने पुरावा द्यावा. ती जबाबदारी नाही म्हणणाऱ्याची नसते. आणि मत मागायला दारात येणाऱ्याला रस्ता, दिवे आणि सभामंडप यांच्या जोडीने आणखी दोन प्रश्न विचारावेत. वस्तीतल्या शेवटच्या नळाला गेल्या आठवड्यात क्लोरीन किती सापडला? आणि तो आकडा दर आठवड्याला चावडीवरच्या फळ्यावर लिहायची तुमची तयारी आहे का?